रविवारच्या वर्गाला पदवी लागत नाही

आमच्या वसईच्या धर्मग्रामात रविवारची मिस्सा संपली, की मी मुलांना धर्मशिक्षण देते. बारा वर्षं झाली. त्यासाठी कुणी पदवी विचारली नाही, की ‘घरचा स्वयंपाक कोण करणार?’ असंही विचारलं नाही. बी.एड.ला नाव घातलं मात्र, आणि तोच प्रश्न ओटीवर येऊन बसला. फुकटच्या शिकवण्याला सेवा म्हणायचं आणि पगाराच्या शिकवण्याला हौस, हा न्याय मला तरी उमगलेला नाही.

२०१५ साली बी.एड. एकाचं दोन वर्षांचं झालं. पाठाची टाचणं, सराव पाठ, शाळेतले आठवडे. सहावी ते आठवीला शिकवायचं तर वर टीईटी. वर्षभराची ओढाताण घर कसंबसं सोसतं. दोन वर्षांसाठी घराची घडीच बदलावी लागते. आमच्याकडे संध्याकाळची रोझरी आता सासूबाई सांगतात, भाकऱ्या हे थापतात. जाड होतात, पण होतात!

पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला, चेल्टनहॅमला शिकल्या, शिकवलंही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. मधल्या काळात लेकीला दूर ठेवावं लागलं. भाषणांत त्यांचे गोडवे गाणारेच शेजारच्या सुनेनं वही उघडली, की मुलांची काळजी करू लागतात.

येत्या शनिवारी माझा सराव पाठ आहे. रविवारची मिस्सा चुकणार नाही. त्यानंतरचा वर्ग मात्र दुसऱ्या कुणा बाईंना, नाहीतर एखाद्या बाप्यालाही, घ्यावा लागेल.