मुकाट इन्स्टॉलेशन आणि मेमोचा कागद



संगणकावर सॉफ्टवेअर बसवण्याची एक मुकाट पद्धत आहे. तिला सायलेंट इन्स्टॉलेशन म्हणतात. पडद्यावर प्रश्न येत नाही, खिडकी उघडत नाही, काम पाठीमागे उरकते. शेकडो मशिनवर एकदम बदल करायचा तर पद्धत सोयीचीच. आमची तक्रार एवढीच, की काम फसले तरी ती मुकाटच राहते.

समजा, महानगरी एक्स्प्रेसने वाराणसीला उतरलेला आपल्याकडचा यात्रेकरू विश्वेश्वरगंजच्या मुख्य टपाल कार्यालयात स्पीड पोस्ट करायला गेला. सकाळी लॉगिन होताच काउंटरवरच्या पोस्टल असिस्टंटच्या खात्यातून प्रिंटरचा नवा ड्रायव्हर बसू लागला आणि अर्ध्यावर थांबला. त्याला याचा पत्ताच नाही. पावती निघत नाही, रांग वाढते, बोलणी मात्र तो खातो. टपाल खात्याची नवी एपीटी प्रणाली ऑगस्ट २०२५ मध्ये देशभर लागू झाली. ती ब्राउझरवर चालते हे खरे, पण प्रिंटर काही ब्राउझरमध्ये राहत नाही! वाराणसीच्याच रेल्वे मंडल कार्यालयात डिजिटल सहीच्या टोकनबाबत हेच घडू शकते.

कारण साधे आहे. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून, सर्वांसाठी सॉफ्टवेअर बसवायचे तर ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी विचारणारी खिडकी येते. मुकाट पद्धतीत विंडोज इन्स्टॉलर ती दाखवत नाही. अधिकार नसला की काम बंद. मागे उरतो १६०३ हा आकडा, आणि त्याचा अर्थ ‘इन्स्टॉलेशनमध्ये गंभीर चूक’ एवढाच.

मग प्रत्येकाला ॲडमिनचा पासवर्ड द्या, असे काही साथी म्हणतात. ही मागणी चुकीची आहे. मे २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यात जगभरची कार्यालये ठप्प झाली, हे विसरू नका. केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या सूचनांनुसारही रोजचे काम साध्या खात्यातूनच करायचे आहे. शिवाय पासवर्ड हाती आला की प्रत्येक बिघाडाची जबाबदारीही आपल्याच गळ्यात पडेल.

खरा उपाय पुरवठादार आणि प्रशासन यांच्या हातात आहे. ज्या सॉफ्टवेअरला सगळ्या मशिनचा अधिकार लागत नाही, ते वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसावे. एकच पॅकेज दोन्ही प्रकारे बसवण्याची सोय २००९ च्या विंडोज ७ पासून आहे. ती न वापरणे हा निव्वळ आळस. अर्थात मंजूर यादीबाहेरचे काही बसू नये, हा बंदोबस्त हवाच. ड्रायव्हरसारख्या गोष्टींना मात्र पूर्ण अधिकार लागतो. त्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनवर न सोडता केंद्रातून, सिस्टीमच्या अधिकाराने पाठवाव्यात. आणि काम फसले तर पडद्यावर हिंदी-मराठीत एक ओळ यावी: काय बसले नाही, का नाही, कोणाला कळवायचे.

हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही. काम खोळंबले की स्पष्टीकरणाचा मेमो येतो. पुढे टपालात नियम १६, रेल्वेत नियम ११. अशा वेळी इन्स्टॉलेशनची नोंद, म्हणजे लॉग, हाच आपला साक्षीदार. तो वरच्या सर्व्हरवर आपोआप जमा व्हावा आणि त्याची प्रत मागताच कर्मचाऱ्याला मिळावी, हा विषय शाखांनी रेल्वेत पीएनएमच्या आणि टपालात जेसीएमच्या पुढील बैठकीसाठी लेखी द्यावा. खरेदीच्या करारातही ही अट घालून घ्यावी. माल एकदा पदरात पडल्यावर पुरवठादार फोन उचलत नाही.