दोन भाषांचे घर आणि संशोधनाचा हवाला

उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवत असल्यामुळे पालकांचा एक प्रश्न मला दरवर्षी ऐकावा लागतो. जून महिन्यात औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तके घ्यायला आलेल्या आयाही रस्त्यात थांबवून तेच विचारतात. ‘मॅडम, घरात उर्दू, गल्लीत मराठी आणि शाळेत इंग्रजी. मुलाचा गोंधळ होतो. एखादी भाषा बंद करू का?’ बंद करायची म्हटले की पहिली गदा बहुतेक वेळा दादी-नानीच्या बोलीवर येते.

दुसरीकडे मोबाइलवर एक संदेश फिरत असतो: ‘दोन भाषा बोला, विसरण्याचा आजार होणार नाही. शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे.’ कोणत्या शास्त्रज्ञांनी, कुठे, किती माणसे तपासून, याचा हवाला त्यात नसतो. या विषयावरचे एक मोठे काम आपल्या शेजारच्या हैदराबादेत झाले आहे. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता. तिथल्या घरांत दखनी आणि बाजारात तेलुगू चालते. तेलुगूच्या जागी मराठी ठेवली की ते आपलेच घर होते.

डॉ. सुवर्णा अल्लादी या मेंदूविकारतज्ज्ञ. आज त्या बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत आहेत. त्याआधी हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये असताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या. सहकाऱ्यांत उस्मानिया विद्यापीठाच्या भाषाशास्त्रज्ञ वसंता दुग्गिराला आणि एडिंबरा विद्यापीठाचे थॉमस बाक हेही होते. ६४८ पैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते. त्यांच्यात आजाराची सुरुवात एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी ४.५ वर्षे उशिरा झाली होती. हा निबंध २०१३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला.

असे निरीक्षण त्याआधीही झाले होते. कॅनडातील टोरांटो शहरात एलन बियालिस्टोक यांनी २००७ मध्ये १८४ रुग्णांवरून जवळपास हेच सांगितले होते. मात्र तिथले दोन भाषा बोलणारे बरेचसे परदेशातून आलेले होते. मग फरक भाषेमुळे पडला की देश सोडून नवे आयुष्य उभारणाऱ्या माणसांच्या वेगळेपणामुळे, हा प्रश्न उरला. शिवाय जास्त भाषा येणारा माणूस बहुधा जास्त शिकलेला असतो. मग श्रेय भाषेचे की शिक्षणाचे?

हैदराबादच्या कामाचे मोल इथे आहे. आपल्याकडे दोन भाषा बोलायला देश सोडावा लागत नाही आणि शाळेतही जावे लागत नाही. भाजीवाली, शिंपी, रिक्षावाला रोज दोन भाषांत व्यवहार करतात. त्या अभ्यासात अक्षरओळख नसलेले रुग्णही होते आणि त्यांच्यात हा फरक सुमारे ६ वर्षांचा निघाला. शिक्षण, व्यवसाय, स्त्री-पुरुष, शहर-खेडे यांचा हिशेब करूनही फरक टिकला. दोनपेक्षा जास्त भाषांचा मात्र वेगळा फायदा दिसला नाही. २०१६ मध्ये याच गटाने पक्षाघाताचे ६०८ रुग्ण पाहिले. झटक्यानंतर ज्यांची विचारशक्ती शाबूत राहिली, असे दोन भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के आणि एक भाषा बोलणाऱ्यांत १९.६ टक्के होते. वाचा जाण्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखेच होते.

संशोधकाचे वजन आज हवाल्यांवरून मोजतात, म्हणजे त्याच्या निबंधाचा उल्लेख नंतरच्या किती निबंधांनी केला यावरून. अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये अशा हवाल्यांची सूची प्रसिद्ध करायला सुरुवात केली. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचवला. ज्याच्या २० निबंधांना प्रत्येकी किमान २० हवाले मिळाले, त्याचा निर्देशांक २०. हिशेब सोपा आहे, पण तो फक्त मोजतो. हवाला मान्य करण्यासाठी दिला की खोडून काढण्यासाठी, हे त्यातून कळत नाही.

हैदराबादच्या निबंधाला दोन्ही प्रकारचे हवाले मिळतात. न्यूयॉर्कमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरितांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या २०१४ च्या अभ्यासात दोन भाषांमुळे आजार लांबल्याचे आढळले नाही. टीकाकार विचारतात, दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून साऱ्या समाजाबद्दल कसे बोलायचे? प्रश्न रास्त आहे आणि वाद चालू आहे. पण ज्यांना सही करता येत नव्हती, अशा दखनी-तेलुगू बोलणाऱ्या माणसांच्या नोंदी आज जगभरच्या अभ्यासकांना विचारात घ्याव्या लागतात. माझ्या मते हवाल्यांच्या आकड्यापेक्षा हे मोठे आहे.

मग घरात काय करायचे? पहिले म्हणजे, ‘आजार होणार नाही’ असे कुणाला सांगू नका. संशोधन ‘उशिरा’ म्हणते, ‘होणार नाही’ म्हणत नाही. दादाजी तेच तेच विचारू लागले, नेहमीचा रस्ता चुकू लागले, तर ‘सठिया गये’ म्हणून हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरांना दाखवा. विसरण्याची काही कारणे, जसे थायरॉइड किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, वेळीच सापडली तर उपचार होऊ शकतो.

दुसरे म्हणजे, मुलाची एकही भाषा तोडू नका. लहान मूल एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळते, ते गोंधळामुळे नव्हे. दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरात मोठी माणसेही तेच करतात. त्याला दोन्हीकडे भरपूर ऐकायला आणि बोलायला मिळाले पाहिजे. नानीशी उर्दूत गप्पा होऊ द्या, शेजारच्या काकूंकडे मराठीत निरोप घेऊन पाठवा. यासाठी शिकवणीची फी लागत नाही. आणि आजाराचा वाद उद्या कुठल्याही बाजूने सुटला, तरी नानीशी तिच्या भाषेत बोलू शकणारे नातवंड घरात असेल.