निष्ठा कोणाशी?

ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याशी बेइमान होऊ नये, ही शिकवण आपल्याकडे घराघरांत दिली जाते. निष्ठा हा थोर गुण आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु निष्ठा स्वतःच्या बळावर थोर ठरते, की ती ज्याच्या चरणी वाहिली त्याच्या योग्यतेवर तिचे मोल अवलंबून असते? हा प्रश्न मोठ्या सामर्थ्याने मांडणारा एक जपानी चित्रपट आहे. त्याची कथा गुंडांची असली, तरी विद्यार्थ्यांनी तिचे मनन करावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

अकिरा कुरोसावा (१९१०–१९९८) या दिग्दर्शकाचे नाव 'राशोमोन' या चित्रपटामुळे जगभर झाले. १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी १९४८ साली त्याने 'ड्रंकन एंजल', म्हणजे 'मद्यपी देवदूत', हा चित्रपट काढला होता. महायुद्धात पराभूत झालेला जपान तेव्हा अमेरिकी अंमलाखाली होता. शहरे उद्ध्वस्त झाली होती आणि काळ्या बाजाराला ऊत आला होता. अशाच एका वस्तीच्या मधोमध घाण पाण्याचे डबके साचले आहे. कथा त्याच्या काठी घडते, आणि ते डबके सबंध समाजाच्या रोगाचे जणू प्रतीकच होऊन बसते.

सानादा हा तेथील डॉक्टर. तो तिरसट आहे, दारूच्या आहारी गेलेला आहे. पण अंतःकरणाने निर्मळ आहे. हाताला लागलेली गोळी काढून घेण्यासाठी मात्सुनागा नावाचा तरुण गुंड त्याच्याकडे येतो. त्याचा खोकला ऐकताच डॉक्टरला क्षयाची शंका येते, आणि ती तो स्पष्ट बोलून दाखवतो. त्या स्पष्टोक्तीचे बक्षीस म्हणून त्याला मार खावा लागतो. तरीही तो रोग्याचा नाद सोडत नाही. शिव्या देतो, भांडतो, हाकलून देतो आणि पुन्हा त्याच्याच शोधात निघतो. ताकाशी शिमुरा आणि तोशिरो मिफुने या नटांनी या दोन भूमिका अविस्मरणीय केल्या आहेत.

मात्सुनागाची निष्ठा मात्र आपल्या टोळीशी आहे. ओकादा नावाचा जुना गुंड तुरुंगातून सुटून येतो आणि हळूहळू त्याची प्रेयसी, त्याचा दरारा, त्याचा मुलूख, सारे बळकावतो. ज्या दुकानातून मात्सुनागा रोज ऐटीत फुकट फूल उचलीत असे, तेथेच एके दिवशी त्याच्याकडे फुलाचे पैसे मागितले जातात. एवढ्या लहानशा प्रसंगात त्याचे सारे वैभव कोसळते! तरीही म्होरक्या आपल्याला अंतर देणार नाही, अशी त्याची श्रद्धा असते. अखेरीस तो स्वतःच्या कानांनी ऐकतो, की हा आता मरणारच आहे, तेव्हा मरण्यापूर्वी त्याचा बळी देऊन टोळीचे काम साधून घ्यावे, असा त्या म्होरक्याचा बेत आहे.

येथे आपल्याला कर्णाची आठवण होते. शस्त्रपरीक्षेच्या वेळी अंगदेशाचे राज्य देऊन ज्याने त्याचा मान राखला, त्या दुर्योधनाने कर्णाला अखेरपर्यंत अंतर दिले नाही. तरीसुद्धा त्या निष्ठेने कर्णाला अधर्माच्या पक्षात उभे केले. मग जेथे मित्रही खरा नाही आणि पक्षही खरा नाही, तेथील निष्ठेला काय म्हणावे? माझ्या मते ती निष्ठाच नव्हे, तो केवळ अंधपणा होय.

याच कथेत खरे प्रेमही आहे. पण त्याला भपका नाही. दारूच्या गुत्त्यात काम करणारी गिन मात्सुनागाला खेड्यात नेऊन बरा करण्याचे स्वप्न पाहते. डॉक्टरचे प्रेम तर शिव्यांच्या वेषातच येते. टोळी त्याला मरावयास शिकवते. हे दोघे त्याला जगावयास सांगतात. आपला खरा हितकर्ता कोण हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही. मात्सुनागाला ती फार उशिरा उमगते. ओकादाशी झालेल्या झुंजीत तो प्राण गमावतो, आणि गिनच्या हाती उरते ती त्याची रक्षा.

अशा चित्रपटांनी मुले बिघडतात, असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. गुंडगिरीचे खरे स्वरूप उघडे करावे हा कुरोसावाचा हेतू होता. परंतु मिफुनेच्या अभिनयाचे तेज एवढे, की डॉक्टरची भूमिका त्यापुढे फिकी पडली, हे त्या दिग्दर्शकाने आत्मचरित्रात मान्य केले आहे. म्हणून प्रेक्षकाने गुंडाच्या रुबाबावर न थांबता त्याच्या शेवटापर्यंत पाहावे. सांडलेल्या रंगात माखून, घसरत, धापा टाकीत मरणाऱ्या त्या माणसात शौर्याचा लवलेशही दिसत नाही.

चित्रपटात आणखी एक क्षयरोगी आहे: एक शाळकरी मुलगी. ती डॉक्टरचे ऐकते, धीर धरते आणि बरी होते. विवेक शाबूत असेल तर या रोगाला भिण्याचे कारण नाही, हा डॉक्टरचा मंत्र तिने आत्मसात केलेला असतो. ठरलेला खाऊ वसूल करण्यासाठी ती हसत येते, आणि शोकाकुल डॉक्टर तिच्यासह गर्दीत दिसेनासा होतो. रोग एकच, वैद्यही एकच. भेद पडला तो विश्वास कोणावर ठेवला यामुळे.

विद्यार्थिमित्रांनो, टोळकी शाळांतूनही असतात. सोबत्याने केलेली चोरी वा दुबळ्या मुलाचा छळ लपवणे, याला मैत्री म्हणण्याची चाल सर्वत्र आढळते. अशा वेळी स्वतःस एवढेच विचारावे: हा सोबती माझ्या संकटात माझ्या पाठीशी उभा राहील, की मलाच पुढे ढकलील? आणि जो आज मला कठोर शब्द बोलतो, त्याला त्यातून स्वतःचा कोणता लाभ साधावयाचा आहे? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाल्यावर जी निष्ठा मनात उरेल, ती प्राणपणाने जपावी; तिच्यासारखा दुसरा अलंकार नाही.