विश्लेषण : फुटबॉलची खरी मजा वरच्या श्रेणीत की खालच्या? मावळातून काय दिसते?

शनिवारी संध्याकाळी लोणावळ्यातला एखादा विद्यार्थी मोबाइलवर इंग्लिश प्रीमियर लीगचा जो सामना थेट पाहतो, तोच सामना इंग्लंडमध्ये घरी बसलेल्या माणसाला टीव्हीवर थेट पाहता येत नाही. तिथे शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलच्या थेट प्रक्षेपणाला बंदी आहे. ही बंदी १९६०च्या दशकातली असून, ती आणण्यात बर्नली क्लबचे तत्कालीन अध्यक्ष बॉब लॉर्ड यांचा मोठा वाटा होता. मोठ्या संघांचे सामने घरबसल्या दिसू लागले, तर खालच्या श्रेणीतल्या गावोगावच्या क्लबची तिकिटे कोण काढणार, असा त्यांचा प्रश्न होता.

मावळातल्या चाहत्याची स्थिती याच्या अगदी उलट आहे. जगातली सर्वोत्तम लीग त्याच्या खिशात आहे, पण चालत जाऊन पाहता येईल असा खालच्या श्रेणीतला क्लब त्याच्या आसपास नाही. त्यामुळे ‘वरच्या श्रेणीचे फुटबॉल जास्त आनंद देते की खालच्या?’ हा जगभरच्या चाहत्यांचा आवडता वाद इथे वेगळ्या रूपात समोर येतो.

खेळाचा दर्जा वरच्याच श्रेणीत?

यात फारसा वाद नाही. चेंडूवरचे नियंत्रण, पासचा वेग, गोलरक्षकाची उडी या साऱ्यांत वरची श्रेणी सरसच असते. पैसा तिथे असतो, म्हणून खेळाडूही तिथे असतात. पुणेकरांनी याचा अनुभव घेतला आहे. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) २०१४च्या पहिल्याच मोसमात एफसी पुणे सिटीकडून फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे बालेवाडीत उतरला. पुढच्या वर्षी रुमानियाचा एड्रियन मुटू आला. एरवी फक्त पडद्यावर दिसणारी माणसे पुण्याच्या मैदानावर दिसली, हे लहान सुख नव्हते.

मात्र दर्जा आणि आनंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्जा पायांत असतो, तर आनंद हा सामन्यात आपले काय पणाला लागले आहे यावर ठरतो. मावळात हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर सगळ्यात वेगवान बारी कोणाची झाली, हे सगळे पाहतात. पण टोप्या उडतात त्या आपल्या गावची जोडी सुटल्यावर.

बर्नलीचे आकडे काय सांगतात?

ज्यांच्या अध्यक्षांनी प्रक्षेपणबंदीचा आग्रह धरला, त्या बर्नलीचेच उदाहरण पाहू. इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीचे नाव चॅम्पियनशिप. त्यात २४ संघ असतात आणि प्रत्येक संघ ४६ सामने खेळतो. २०२२-२३ मध्ये बर्नलीने ही लीग १०१ गुणांसह जिंकली. अख्ख्या मोसमात संघ फक्त तीनदा हरला. त्याच्या जोरावर बढती मिळाली आणि पुढचा मोसम प्रीमियर लीगमध्ये गेला. तिथे ३८ सामन्यांत २४ पराभव पदरी पडले, गुणही २४च मिळाले आणि संघ पुन्हा खाली आला. २०२४-२५ मध्ये खालच्या श्रेणीत त्यांनी पुन्हा १०० गुण मिळवले. या वेळी पराभव केवळ दोन होते.

बर्नलीच्या चाहत्याला कोणते वर्ष अधिक सुखाचे गेले, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. तरीही खाली जिंकत असताना तो वर जाण्याचीच प्रार्थना करत होता. खालच्या श्रेणीच्या आनंदाचे मर्म यातच आहे. तो आनंद वरच्या दाराकडे पाहूनच येतो. ते दार बंद केले, तर १०१ गुणांना अर्थ उरत नाही.

हे दारही आता अरुंद होत चालले आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या लागोपाठ दोन मोसमांत प्रीमियर लीगमध्ये नव्याने आलेले तिन्ही संघ त्याच वर्षी परत खाली गेले. वरचे श्रीमंत आणि खालचे यांच्यातली दरी इतकी वाढली आहे की बढती म्हणजे वर्षभराची शिक्षा, असे काही चाहते उपहासाने म्हणतात.

मग खालच्या श्रेणीत चाहते का रमतात?

एक कारण अनिश्चिततेचे. चॅम्पियनशिपमध्ये पहिले दोन संघ थेट वर जातात आणि त्यांच्या खालचे काही संघ उरलेल्या एका जागेसाठी बाद फेरी खेळतात. त्यामुळे मोसमाच्या शेवटच्या आठवड्यांतही अनेक संघांचे भवितव्य टांगणीला लागलेले असते.

दुसरे कारण साधे आहे. प्रीमियर लीगमध्ये २०१९-२० पासून व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची पद्धत आली. गोल झाला की आधी पंचाच्या कानातल्या यंत्राकडे पाहायचे आणि मग नाचायचे. २०२४-२५ पर्यंत चॅम्पियनशिपच्या साखळी सामन्यांत ही पद्धत नव्हती. तिथे गोल झाला की त्याच क्षणी आरडाओरडा करता येत होता.

तिसरे आणि सगळ्यात मोठे कारण आपलेपणाचे. जर्मनीचा हॅम्बुर्ग हा जुना, नामांकित क्लब २०१८ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि वर यायला त्याला सात मोसम लागले. तरी त्या काळाच्या अखेरच्या मोसमांत त्याच्या घरच्या सामन्यांना सरासरी ५० हजारांहून अधिक प्रेक्षक येत होते. संघ घसरला म्हणून शहराने पाठ फिरवली नाही.

बालेवाडीत नेमके काय घडले?

आता घराजवळ येऊ. लोणावळ्याहून बालेवाडी साधारण ५० किलोमीटर. लोकलने चिंचवडपर्यंत आणि पुढे बस किंवा रिक्षा. तळेगाव, वडगाव, कामशेतच्या चाहत्यांसाठी मोठ्या फुटबॉलचे हेच जवळचे मैदान. रात्री साडेनऊच्या पुढे संपणाऱ्या सामन्यानंतर परतीची लोकल गाठणे हा वेगळाच सामना असे, तरी जाणारे जात.

या मैदानाची गोष्ट खालच्या श्रेणीपासूनच सुरू होते. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी आय-लीगच्या दुसऱ्या विभागात खेळला, तिथून २००९ मध्ये बढती मिळवून तेव्हाच्या सर्वोच्च लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये पोहोचला आणि पहिल्याच मोसमात तिसरा आला. २०१२-१३ मध्ये तो उपविजेता ठरला. पायरी-पायरीने वर चढलेला हा पुण्याचा संघ होता.

२०१५ मध्ये तर पुण्यात राष्ट्रीय पातळीवर खेळणारे तीन क्लब होते. आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी, तर आयएसएलमध्ये एफसी पुणे सिटी. त्याच वर्षी पुणे एफसी आणि भारत एफसी या दोघांनी आय-लीग सोडली. त्यांच्यानंतर डीएसके शिवाजीयन्स आला, पण २०१६-१७च्या मोसमानंतर तोही बाहेर पडला. एफसी पुणे सिटीने २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठली आणि २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद एफसी आला. या संघाने २०२२ मध्ये आयएसएलचा करंडक जिंकला. पुढे २०२५ मध्ये तोही दिल्लीला हलला.

म्हणजे पाच वर्षांत चार क्लब संपले. यातला एकही मैदानावर हरल्यामुळे गेला नाही. सगळे हिशेबाच्या वहीत हरले. हॅम्बुर्गच्या चाहत्याला संघ खाली जाताना पाहावा लागला, पण संघ राहिला. पुण्याच्या चाहत्याला खाली जाण्याचे दुःखही मिळाले नाही. संघच नाहीसा झाला.

भारतात शिडीच नव्हती का?

बराच काळ नव्हती. आयएसएल सुरू झाली ती संघमालकांनी शुल्क भरून घेतलेल्या जागांवर. तळाला आलेल्या संघाला खाली जाण्याची भीती नव्हती आणि आय-लीगच्या विजेत्याला वर येण्याची सोय नव्हती. २०१९ मध्ये आशियाई फुटबॉल महासंघाच्या पुढाकाराने आराखडा ठरला आणि आयएसएल ही अधिकृतपणे देशातली सर्वोच्च लीग झाली. तिथे बढतीचे दार पहिल्यांदा उघडले ते २०२३ मध्ये, पंजाबच्या संघासाठी. पुढच्या वर्षी कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग वर आला. पदावनती मात्र २०२४-२५ पर्यंत एकदाही झाली नाही. २०२३-२४ मध्ये हैदराबाद शेवटचा आला, तरी पुढच्या वर्षी त्याच लीगमध्ये खेळला.

याचा परिणाम आनंदावर होतो. जिथे हरण्याची किंमत नाही, तिथे मोसमाच्या उत्तरार्धात तळाच्या संघाचे सामने निव्वळ औपचारिकता ठरतात. आणि खाली काहीच उभे नसेल तर वरची श्रेणीही डळमळते. २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचा प्रश्न लोंबकळला आणि २०२५-२६चा मोसम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही.

श्रेणीच नसेल तरी गर्दी होते?

होते, आणि त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये वरिष्ठ गटाचे १६ संघ खेळतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावे. राष्ट्रीय श्रेणींच्या हिशेबात या लीगला जागा नाही. तरी मोठ्या सामन्याला स्टेडियम भरते, पेठापेठांत चर्चा रंगते आणि विजयानंतर मिरवणूक निघते. या ईर्षेचे रूपांतर अनेकदा हुल्लडबाजीत होते, हाही त्याचाच भाग आणि तो समर्थनीय नाही. पण तिथला संघ मालकाने हलवायचा म्हटला तरी हलणार नाही, कारण तो पेठेचा आहे. २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

मावळाने यातून काय घ्यावे?

मावळ तालुक्यात गहुंजे येथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्टेडियम आहे. दहा-पंधरा वर्षांत तिथे मोठे सामने झाले, तारे येऊन गेले. पण तालुक्यातल्या मुलाला खेळायला मिळणारे मैदान आणि तारे पाहायला मिळणारे मैदान ही वेगळी असतात. फुटबॉलचेही तसेच आहे. मुंबई सिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना बालेवाडीत इराणच्या नस्साजी संघाशी खेळला. असा सामना पाहायला जरूर जावे. पण तो पाहुण्यांचा सामना असतो. दुसऱ्या दिवशी मैदान पुन्हा रिकामे होते.

पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगमध्ये मात्र वेगवेगळे विभाग आहेत आणि त्यांत बढती-पदावनतीही आहे. देशाच्या रचनेतही २०२४-२५ मध्ये आयएसएलखाली आय-लीग, आय-लीग २ आणि २०२३ मध्ये सुरू झालेली आय-लीग ३ अशा पायऱ्या होत्या. म्हणजे कागदावर तरी मावळातल्या एखाद्या संघापासून देशाच्या सर्वोच्च लीगपर्यंत रस्ता जातो. त्या रस्त्यावर चालायला काय लागते? लोणावळा, तळेगाव, वडगावमध्ये तासावर भाड्याने न घेता वापरता येईल असे पूर्ण आकाराचे मैदान, धो-धो पावसाचे महिने धरून आखलेले वेळापत्रक आणि रविवारी बाजूला उभे राहून ओरडणारी शंभर माणसे. पहिल्या दोन गोष्टी नगर परिषदा, शाळा आणि संघटनेच्या हातात आहेत. तिसरी चाहत्यांच्या.

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. डोळ्यांना वरची श्रेणी अधिक सुखावते आणि जीव खालच्या श्रेणीत अधिक गुंततो, पण दोन्हींचा आनंद टिकतो तो दोघांमधली शिडी शाबूत असेल तरच. पुण्याने पुणे एफसीच्या रूपाने ही शिडी चढून पाहिली होती. त्यानंतर आलेले चकचकीत संघ वरच्या मजल्यावरच उतरले आणि तिथूनच निघून गेले.

प्रीमियर लीग मोबाइलवर पाहण्यात काहीच गैर नाही. फक्त बॉब लॉर्ड यांची साठ वर्षांपूर्वीची काळजी मावळाच्या चाहत्याने एकदा उलटी करून पाहावी. घरबसल्या सामना दिसतो म्हणून आपले मैदान ओस पडेल, अशी भीती त्यांना वाटत होती. इथे ओस पडायला आधी मैदान असावे लागेल.