स्वस्त तबकडीचे मोल

उचगावातील एखाद्या कुटुंबाने लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घ्यायचे ठरवले, की कोरी तबकडी निवडताना चार रुपये वाचवण्याचा मोह होतो. हा मोह महागात पडतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी तबकडी प्रकाश कमी परावर्तित करते. जुन्या प्लेअरला ती अनेकदा वाचताच येत नाही. तेथे एकदाच लिहिली जाणारी ‘डीव्हीडी-आर’ अधिक भरवशाची. केवळ नावावर विसंबणेही आता पुरेसे नाही. ‘मोझर बेअर’सारखी परिचित भारतीय कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली, मग हमी कोणाची? म्हणून प्रथम एकच तबकडी घ्यावी, घरच्या प्लेअरवर अखेरपर्यंत चालवून पाहावी, मगच गठ्ठा घ्यावा. मूळ कॅसेट मात्र टाकू नये. तबकडी पुन्हा विकत मिळेल. मांडवातले आजोबा पुन्हा दिसणार नाहीत.