भोंगा सगळ्यांसाठी

या आठवड्यात एका शाळेत सायबर सुरक्षेचा कार्यक्रम झाला. मला तो कळला फोटोतून. पाहुणे, पुष्पगुच्छ, समोर सतरंजीवर सहावी-सातवीची मुलं आणि मागच्या पडद्यावर सूचना: ‘आपली वैयक्तिक माहिती अनोळखी व्यक्तीला देऊ नका.’ फोटो जरा मोठा करून पाहिला, तर पहिल्या रांगेतल्या दोघी मुलींच्या गळ्यातली ओळखपत्रं स्वच्छ वाचता आली. नाव, इयत्ता, रक्तगट, वडिलांचा मोबाइल नंबर. संध्याकाळच्या आत हे सगळं शाळेच्या फेसबुक पानावर, जगाला खुलं. शेवटी शपथही झाली म्हणे. ती मुलांनी घेतली; फोटो चढवणाऱ्या सरांना कुणी दिली नाही.

 

नियम फक्त मुलांनाच लागला, की मला मोहित्यांचे वडगाव आठवतं. सांगली जिल्ह्यातल्या या गावात 2022 साली ठरलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. करोनात अभ्यासाच्या नावानं मुलांच्या हातात फोन आला आणि शाळा उघडल्या तरी सुटेना, त्यावरचा हा उतारा. अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी दारोदार फिरले, तेव्हा कुठे तो अंगवळणी पडला.

याच्या शेजारी ऑस्ट्रेलिया ठेवून बघा. 10 डिसेंबर 2025 पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅटवर खातं ठेवता येत नाही. दंड मुलाला नाही, आईबापाला नाही. थेट कंपनीला, आणि तोही जवळजवळ पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. कंपन्यांची मानगूट धरली हे उत्तमच. पण सोळा वर्षं ओलांडलेल्या माणसाला त्या कायद्याची बंदी लागू नाही. बाप जेवताना रील बघत बसला, तर खुशाल बसो. वडगावच्या भोंग्याला वय कळत नाही. सातला नातवाचा गेम बंद, तशी आजीची मालिकाही बंद. सासूबाईंना ऐन रंगात आलेली मालिका सोडायला लावणं कॅनबेराच्या संसदेला झेपलं नसतं!

भोंगा काही पासवर्ड शिकवत नाही, फसवी लिंक ओळखायलाही शिकवत नाही, हे मान्य. पण नियम मोठ्यांनाही लागू आहे हे पोरांना रोज दिसतं, आणि माझ्या मते अर्धं शिक्षण तिथेच होतं. एरवी आपल्या घरांत काय चालतं? कुणी घाणेरडे मेसेज पाठवतोय, फोटोवरून धमकावतोय असं मुलीनं धीर करून सांगितलं, की पहिली शिक्षा तिलाच. फोन जप्त. पुढच्या वेळी ती कशाला तोंड उघडेल? मग भिंतीवर सायबर गुन्ह्यांसाठीचा 1930 आणि मुलांच्या मदतीचा 1098 हे नंबर कितीही ठळक रंगवा. ‘विश्वासू मोठ्या व्यक्तीला सांगा’ असं प्रत्येक सत्रात सांगतात. त्या मोठ्या व्यक्तीनं ऐकल्यावर काय करायचं, याचं सत्र मात्र कुणी घेत नाही.

आणि मोठ्यांत सगळ्यात मोठं आपलं शिक्षण खातं. दर सोमवारी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून खात्याच्या ‘सरल’ पोर्टलवर चढवा, हा 2016 चा फतवा शिक्षक विसरलेले नाहीत. 2024 मध्ये मुख्यमंत्र्यांच्या संदेशपत्रासह मुलांचे सेल्फी मागवून झाले. उपक्रम झाला हे सिद्ध करायला फोटो, आणि फोटो मिळावा म्हणून उपक्रम. अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची संमती हवी, असं 2023 चा केंद्राचा कायदा सांगतो. वर्गशिक्षकांच्या खासगी फोनची गॅलरी मात्र दुसऱ्यांच्या मुलांनी भरलेली असते. बाईंनी फोन बदलला, विकला, हरवला, की ती मुलं कुठे जातात, हे खात्यातल्या कुणाला तरी विचारावंसं वाटलं का? ‘फोटो अपलोड करा’ची पत्रकं ढिगानं येतात. ‘जुने फोटो अमुक तारखेपर्यंत काढून टाका’ असं एखादं पत्रक कुणा मुख्याध्यापकांकडे आलं असेल, तर मला पाठवा. पुढच्या आठवड्यात इथेच छापतो.