त्वचा निर्दोष, तरीही कण्डू : वृक्कपरीक्षेचा आग्रह हवा

कण्डूचा रुग्ण समोर आला की आपला हात सवयीने गंधक रसायन वा आरोग्यवर्धिनीकडे जातो. चरकाचार्यांनी दहा द्रव्यांचा कण्डूघ्न महाकषाय सांगितला आहे. योग्य रुग्णात त्याचा प्रत्यय येतो, याविषयी दुमत नाही. मात्र एका विशिष्ट कण्डूत औषधयोजनेपूर्वी वृक्कांची परीक्षा झालीच पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा रुग्ण ओळखावा कसा? दर्शनपरीक्षेत मंडल, पिडका, स्राव काहीच आढळत नाही. दिसतात ते केवळ ओरखडे आणि रूक्ष त्वचा. कण्डू बहुधा दोन्ही बाजूंस सारखी, पाठीवर विशेष व रात्री झोप मोडणारी असते. ती सहा आठवड्यांहून अधिक टिकली असेल, तर प्रश्नपरीक्षेवर भर द्यावा. मधुमेह वा उच्च रक्तदाब किती वर्षांचा? वेदनाशामक गोळ्या किती काळ घेतल्या? पायांवर शोथ, मूत्रात फेस आहे काय?

अशी प्रत्येक कण्डू वृक्कजन्य नसते. यकृताचे व थायरॉइडचे विकार, रक्तातील लोहाची कमतरता हीही कारणे असतात. परंतु वृक्कविकारात आरंभी बहुधा तक्रारच नसते. कण्डू प्रकटते ती प्रायः व्याधी बळावल्यावर. म्हणूनच येथे केवळ लेप-तेलांत दवडलेले महिने महाग पडतात. सीरम क्रिएटिनिन, त्यावरून काढलेला ई-जीएफआर आणि मूत्रातील अल्ब्युमिन एवढ्या तपासण्यांनी प्राथमिक उलगडा होतो.

औषधाचा विचारही याच्याशी निगडित आहे. हरताळ व पारद ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टात समाविष्ट आहेत. क्षीण वृक्कांच्या रुग्णास असे कल्प अंदाजाने देणे धोक्याचे. कीडामारीत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असते. याच प्रजातीच्या वनस्पतीच्या भेसळीमुळे वजन घटविण्यासाठी औषध घेणाऱ्या स्त्रियांची वृक्के निकामी झाल्याचे बेल्जियममधील चिकित्सकांनी १९९३ मध्ये नोंदविले.

औषधालयचालकांचेही येथे दायित्व आहे. खाजेचे औषध महिनोन्महिने परस्पर नेणाऱ्या ग्राहकास ‘किती दिवस झाले?’ एवढे विचारून वैद्याकडे पाठवावे. एक विक्री कमी होईल. कदाचित एक रुग्ण वाचेल.

प्रयोगशाळेचा आधार घेतल्याने शास्त्रास उणेपणा येत नाही. साध्यासाध्यता जाणल्याविना चिकित्सा आरंभू नये, ही आपलीच शिकवण आहे.